सिनेमा सुरू होण्याआधी दहा मिनिटं हवीत

मा. सांस्कृतिक राज्यमंत्री,
जर्मन संघराज्य, बर्लिन

सादर नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय, कारण बर्लिनमधल्या आम्हा मराठी मंडळींचं एका जुन्या जर्मन सिनेमावरून जेवणाच्या टेबलावर जोरदार भांडण झालंय. तुमच्याकडे अनुवादक असतीलच.

मध्यंतरी इथल्या एका छोट्या थिएटरात १९४७ चा ‘एहे इम शाटन’ पाहिला. म्हणजे ‘सावलीतलं लग्न’. काळ नाझी राजवटीचा. नवरा ‘आर्य’ नट, बायको ज्यू. घटस्फोट घे म्हणून वरून दबाव येतो, तो बधत नाही, आणि शेवटी दोघं एकत्र जीव देतात. दिवे लागले तेव्हा शेजारच्या आजींनी न विचारताच माझ्यापुढे कागदी रुमाल धरला. घेतला मी.

डोळे पुसून झाल्यावर श्रेयनामावली आठवली, आणि घोटाळा तिथेच झाला. संगीत वोल्फगांग त्सेलर. ज्यूंविरुद्ध लोकांना पेटवणाऱ्या ‘युड स्यूस’चं (१९४०) संगीतही त्यांचंच. कॅमेऱ्यामागच्या दोघांपैकी एक फ्रीडल बेन-ग्रुंड. आजारी बायकोला ‘दया’ म्हणून मारणाऱ्या डॉक्टरचा ‘इख क्लागे आन’ (१९४१) त्यांनीच टिपला होता. असाध्य रुग्णांच्या सरकारी हत्यांना नवरा-बायकोच्या प्रेमाचा मुलामा देणारा सिनेमा.

हे दोन्ही सिनेमे तुमच्याकडे आजही नुसते लावता येत नाहीत. आधी जाणकाराने बोलायचं, नंतर चर्चा. योग्यच आहे. पण त्याच हातांनी घडवलेला हा सिनेमा मात्र आपण रडून घरी जायचं?

मूळ गोष्ट नट योआखिम गॉट्शाल्क यांची. १९४१ मध्ये एका ऐतिहासिक चित्रपटात ते परीकथावाले अँडरसन झाले होते. ज्यू बायकोला, मेटाला, सोडलं असतं तर कामं चालू राहिली असती. त्याच नोव्हेंबरात त्यांच्या घरात तिघं गेले: ते, मेटा आणि आठ वर्षांचा मिखाएल. सिनेमातल्या जोडप्याला मूलच नाही.

दिग्दर्शक कुर्ट मेट्झिग यांना मी दोष देणार नाही. गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हाती लागू नये म्हणून त्यांच्या ज्यू आईने जीव दिला होता. ते पोर दाखवायला त्यांचा हात धजावला नसेल, हा आपला माझा अंदाज.

३ ऑक्टोबर १९४७ ला युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी वाटून घेतलेल्या बर्लिनच्या चारही विभागांत हा एकाच दिवशी लागला. पुढे एक कोटीहून जास्त तिकिटं खपली. त्यातल्या कितीजणांनी सात वर्षांपूर्वी ‘युड स्यूस’चंही तिकीट काढलं असेल? आमचं भांडण यावरूनच पेटलं. एकजण म्हणाला, “लोकांना रडू दे की, कशाला उकरतेस?”

अट घाला असं मी म्हणत नाही. छोट्या थिएटरांना वक्ता बोलवायला पैसे द्या, एवढंच. दहा मिनिटं पुरेत. त्सेलर, बेन-ग्रुंड आणि मेट्झिग यांच्या आईबद्दल सांगा. आणि पडद्यावर नसलेल्या मिखाएलचं नाव दिवे मालवण्याआधी घ्यायला सांगा.

आपली,
बर्लिनमधली एक मराठी प्रेक्षक