सेव्ह तशीच ठेवली आहे

नाशिक,
रविवार, रात्रीचा दीड

प्रिय मन्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. दीड वर्षात तुला एक धड उत्तर दिलं नाही, आणि आज लिहितोय तेही कामापुरतंच. तब्येत ठीक आहे, बीपीची गोळी चालू आहे, पुढे.

काल रात्री मास इफेक्टमध्ये आपल्या जहाजावरची, नॉर्मंडीवरची, माणसं पळवून नेली रे. सगळी. एकटा पायलट जोकर उरला. मी सोफ्यावर हातात कंट्रोलर घेऊन नुसता बसून राहिलो. प्राजक्ता पाणी प्यायला उठली होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग पहिल्यापासून खेळ ना, होतील जिवंत." हिच्याशी काय बोलणार? म्हणून तुला.

झालं असं. लीजंडरी एडिशन सेलमध्ये घेतली. २०२१ मध्ये तिन्ही भाग एकत्र करून काढली ती. मास इफेक्ट दोनवर सुखाने आलो. डीएलसी, म्हणजे वेगळे विकत घ्यायचे ते जादा भाग, सगळी आतच. एक पहिल्या भागाचं पिनॅकल स्टेशन तेवढं नाही, त्याची मूळ फाइलच खराब निघाली म्हणे. ते कोणाला हवं होतं म्हणा! पण कासुमी आहे, ओव्हरलॉर्ड आहे, शॅडो ब्रोकर आहे. मेन्यूत ती यादी बघून मला आपली खोली आठवली. तेव्हा ही पॉइंटांनी विकत घ्यायची: कासुमीला ५६० पॉइंट, शॅडो ब्रोकरला ८००, आणि आपल्याकडे तुझ्या दादाचं एकच कार्ड. तेही बाहेरच्या देशाचा व्यवहार म्हटलं की मान टाकणारं. त्यात आपली डिस्क सेकंडहँड, आतला कोड आधीच कोणीतरी वापरलेला. म्हणजे नव्या डिस्कवाल्यांना फुकट मिळणाऱ्या झाईद या साथीदारासाठी आपण १२०० पॉइंट मोजायचे! ती डिस्क तू आणली होतीस, हे मी विसरलेलो नाही. शॅडो ब्रोकर न खेळताच आपण तिसऱ्या भागात गेलो आणि आपली जुनी साथीदार लियारा शॅडो ब्रोकर, म्हणजे गुपितांची दलाल, कधी झाली यावर रात्रभर भांडलो.

तर आता सगळं हाताशी आहे आणि घोळ झाला तो मिशनांच्या ऑर्डरचा. तुझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमागचं वाक्य मला अजून पाठ आहे: आयएफएफ शेवटी, लीजन लगेच, मध्ये काहीही नाही. आयएफएफ, म्हणजे ओमेगा-४ गेटमधून पार व्हायचं यंत्र, मी शेवटीच आणलं. टीममधल्या बाकी सगळ्यांची लॉयल्टी, म्हणजे ज्याचं त्याचं खास मिशन, करून झाली होती. मग मुक्ताची सहामाही आली आणि महिनाभर टीव्हीला हात लावला नाही. परत बसलो तेव्हा कुठे होतो तेच आठवेना. गॅलक्सी मॅप उघडला, दोनतीन सटरफटर एन-सेव्हन मिशनं दिसली, म्हटलं हात बसवून घेऊ. लीजन, तो गेथ रोबो, तिकडे जहाजाच्या एआय कोअरमध्ये बंद पडूनच. "मध्ये काहीही नाही" हेच नेमकं विसरलो, आणि तेवढ्यात माणसं गेली.

आता पेच बघ. या क्षणी ओमेगा-४ मधून शेवटच्या मिशनला गेलो तर पळवलेली सगळी माणसं वाचतात. आधी लीजनचं मिशन केलं तर निम्मी जातात, आणि जहाजावरची केली चेंबर्स डोळ्यांदेखत विरघळते. तीन मिशनांच्या वर गेलं की डॉक्टर चक्वास तेवढी उरते. बरं, लीजनची लॉयल्टी सोडून गेलो आणि तो तिथे मेला, तर तिसऱ्या भागात रॅनॉक ग्रहावर तह होत नाही. मग गेथ तरी संपतात किंवा आपल्या टीममधल्या तालीची माणसं तरी. आपण पहिल्यांदा खेळलो तेव्हा काय झालं आठवतंय ना? तू दोन दिवस मेसमध्ये माझ्याशेजारी बसला नव्हतास.

जुनी सेव्ह आहे एक. नऊ तास मागची. पण रीलोड मारायचा नाही ही शपथ तूच घ्यायला लावली होतीस, तीही गणपतीसमोर. मला त्यातून मोकळं करायचं तर तूच करू शकतोस.

शेवटच्या मिशनसाठी माझ्या डोक्यात एक आहे. लीजनला आत्ता नुसतं जागं करायचं, ते मिशनमध्ये धरत नाहीत. व्हेंटमध्ये शिरायला ताली. सगळ्यांवर बबलचं कवच धरायला समारा. सुटलेल्यांना परत पोचवायला मॉर्डिन, कारण तसाही तो मागे थांबला की पहिला टपकतो. आणि लीजनला बरोबर न नेता मागे ठेवायचं, गॅरस, ग्रंट आणि झाईदच्या मध्ये. ते तिघं इतके दणकट आहेत की त्यांच्या जोरावर लॉयल नसलेला एखादा तगून जातो. १२०० पॉइंटवाला झाईद कामाला येतोय बघ! हिशेब चुकतोय का सांग. तुझी जर्नल असती तर विचारलंच नसतं, पण ती २०१९ च्या पुरात सांगलीच्या घराबरोबर गेली.

तुझं म्युनिकचं घर झालं का? काकूंचा गुडघा कसा आहे? दादाला नमस्कार.

सेव्ह गॅलक्सी मॅपसमोर उभी आहे, हात लावलेला नाही. शनिवारी मुक्ता आजीकडे जाणार आहे, तोवर कळव. आणि वर्गणीच्या पैशांतून मला न विचारता तिसऱ्या भागातला ८०० पॉइंटचा साथीदार जाविक घेतलास, त्यातले माझे निम्मे अजून यायचेत.

तुझा,
पक्या