बाबा, उभं राहून पण बीपी बघायचं

प्रिय आई-बाबा,

आई काल फोनवर म्हणाली की रात्री नळाला पाणी आलं की बाबा झटकन उठतात आणि मग दाराची चौकट धरून थांबतात, डोळ्यासमोर अंधारी येते. आणि बाबा म्हणे, ऊन केवढंय आणि वय पण झालंय. ऊन आहेच, मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 च्या पुढं जातो, अंगातलं पाणी कमी झालं की चक्कर येते, पण तेवढ्यावर सोडून देऊ नका प्लीज.

माणूस उभा राहिला की अर्धा लिटरच्या आसपास रक्त पोटाकडं आणि पायांत उतरतं. मानेतल्या नि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना ते लगेच कळतं, मग ठोके वाढतात, शिरा आवळतात आणि बीपी जागेवर येतं, हे सगळं काही सेकंदात. वर्षानुवर्षांच्या शुगरनं नसांवर परिणाम झाला असेल तर हेच काम मंद होतं, मग बीपी पडतं आणि ठोके मात्र हवे तेवढे वाढतच नाहीत. म्हणून नाडीचा आकडा पण महत्त्वाचा. त्यात बाबांची प्रोस्टेटची गोळी आणि बीपीची लघवीवाली गोळी, दोन्हीनं उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं.

दवाखान्यात आपण खुर्चीत बसतो, पट्टा बांधतात, 130/80 आलं की घरी. उभं करून कोणी बघतच नाही!

तर आई, सकाळी चहाच्या आधी बाबांना पाच मिनिटं आडवं राहू दे, बीपी घे, मग उभं करून एका मिनिटाला आणि तीन मिनिटांनी परत घे, नाडी पण लिही. तू शेजारीच थांब, गरगरलं तर लगेच बसव. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं पडला तर वही घेऊन डॉक्टरांकडं जा. गोळी मनानं बंद करायची नाही, हे बाबांना ठणकावून सांग, कारण वाढलेलं बीपी पण तितकंच वाईट.

मला खरी भीती पडण्याची वाटते, या वयात खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. शिवाय असं बीपी पडणाऱ्यांत पुढं हार्ट फेल्युअर, स्ट्रोक जास्त दिसलेत, आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या 2016 च्या अभ्यासात स्मृतिभ्रंश पण जरा जास्त दिसला. त्याच्यामुळंच होतं असं सिद्ध नाहीये, पण लक्ष द्यायला एवढं पुरे की.

तोवर बाबा, तुम्ही आधी पलंगावर पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा, पोटऱ्या हलवा, मगच उठा. जेवणानंतर पण तसंच, भरपेट खाल्ल्यावर बीपी उतरतं. आणि रात्रीचं पाणी आई नाहीतर वरच्या मजल्यावरचा पोरगा भरेल, मी त्याच्याशी बोललेय, तो हो म्हणालाय.

आकडे मला व्हॉट्सॲपवर पाठव आई, वहीचा फोटो काढला तरी चालेल.

तुमची,
ताई