तो सीपीयू परत येणार नाही, बाबा

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
सा. न.

बाबा, चिडू नका. गणपतीत ‘साफ करून आणते’ म्हणून नेलेला सीपीयू परत येणार नाही. विचारलं असतं तर म्हणाला असतात, “चालतोय की अजून.” चालत होताच. पण हार्ड डिस्क कटकट वाजत होती, विंडोज एक्सपीचे अपडेट 8 एप्रिल 2014 लाच बंद झाले, आणि टेबलाखाली वाकून तो चालू करायचा, तुमची कंबर ही अशी!

फाईली सगळ्या नव्या लॅपटॉपवर आल्यात, तारखांसकट. मागच्या वेळी मी घाईत कॉपी-पेस्ट केलं आणि वीस वर्षांच्या फाईली ‘आज तयार झाल्या’ असं दाखवू लागल्या. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेच अजून टोचतं. या वेळी विंडोजमधलीच फाईली कॉपी करायची कमांड, रोबोकॉपी, वापरली. त्यात फाईल तयार केल्याची आणि बदलल्याची, दोन्ही तारखा तशाच येतात. फोल्डरच्या तारखांसाठी मात्र वेगळं सांगावं लागतं. ते विसरले, मग सगळं पुसून पुन्हा केलं. तुमचा शिवाजी फॉन्टमधला मजकूर आधी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसत होता, म्हणून फॉन्टही आणला. खास फॉन्ट न लागणारी युनिकोड प्रत शेजारी वेगळी ठेवलीय, मूळ फाईलला हात लावलेला नाही.

आई, ‘लोणची’ नावाची फाईल बघ. शेवटचा बदल पहाटे 3:12. आजी दवाखान्यात होती तो आठवडा. तू तिच्या कैरीच्या लोणच्याचं प्रमाण सांगत होतीस आणि बाबा टाइप करत होते ना? मी आतल्या खोलीत कीबोर्डचा आवाज ऐकत पडले होते. मला वाटलं, ऑफिसचं काम.

आता ऐका. लॅपटॉप टेबलावरच ठेवायचा, मांडीवर नाही. अक्षरं मोठी केलीत, पत्त्यांचा डाव घातलाय, तुमचा जुना कीबोर्ड नव्या जोडणीने चालेल. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, नाहीतर काढल्याची तारीख गळून जाते. दहानंतर बसायचं नाही, आणि बीपीची गोळी आधी.

ताईच्या लग्नाचे सगळे फोटो 1 जानेवारीचे दिसतायत, कॅमेऱ्याचं घड्याळ लावायचंच राहिलं होतं वाटतं. दुरुस्त करू की राहू दे, ते तुम्ही सांगा.

जुनी डिस्क भंगारात दिली नाही. आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलीय.

तुमची,
चिमी