डबा वेल्ड करायला नकार देणाऱ्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, स. न. वि. वि.

पिकअपच्या हौद्यावर झोपायची खोली बांधून मागणारं गिऱ्हाईक आलं की त्याची पहिली मागणी ठरलेली असते : "डबा हौद्याला वेल्डच करून टाका, हलायला नको." तुम्ही ते करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणता. हे पत्र त्या नकाराबद्दल आभार मानायला आहे. उघड लिहितोय, कारण घरच्या घरी असा डबा करू पाहणाऱ्यांना त्यामागची कारणंही कळायला हवीत.

खड्ड्यात, घाटात पिकअपची चासी पिळवटते. केबिन एकीकडे कलते, हौदा दुसरीकडे. डबा जखडून टाकला की तो सगळा पीळ डब्याच्या कोपऱ्यांत उतरतो. आधी सीलंट (फटी बुजवणारा लेप) तडकतं, मग वेल्ड. म्हणून तुमची पद्धत : हौद्यात जाड रबरी मॅट, तिच्यावर डबा, चार कोपऱ्यांना चार टर्नबकल (फिरवून आवळायचे ताण-स्क्रू), आणि केबिन व डबा यांच्यात किमान ३ इंच फट. पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर टर्नबकल पुन्हा आवळायचे, कारण रबर दबतं. शिवाय कायमचा जोडलेला डबा म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत केलेला बदल. मग आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे उत्तरं द्यावी लागतात. सुट्या डब्याबाबतही आधी आरटीओत विचारून घ्या, नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकू नका, आणि धावत्या गाडीत आत माणूस बसवू नका, हे तुम्ही प्रत्येकाला बजावता.

दुसरा नकार लोखंडी पत्र्याला. त्याबद्दल तर दुप्पट आभार. नऊ फुटी हौद्यावर साडेपाच फूट रुंद आणि तेवढाच उंच डबा केला, तर भिंती आणि छत मिळून साधारण १९ चौरस मीटर होतात. २ मिमी पत्रा चौरस मीटरला पावणेसोळा किलो, म्हणजे नुसतं कातडंच ३०० किलो! त्याऐवजी २५ मिमी चौकोनी पाइपचा (१६ गेज) सांगाडा, बाहेरून ३ मिमी एसीपी (मध्ये प्लॅस्टिक असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा), मध्ये २५ मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारा कडक फोम), आतून ४ मिमी प्लाय, तळाला १२ मिमी मरीन प्लाय. साध्या बाकड्यांसकट सगळा डबा मिळून तेवढ्याच ३०० किलोंत बसतो. ग्लासवूल (काचतंतूंचा कापूस) भरू नका, हेही तुमचंच. हादऱ्यांनी ते खाली बसतं आणि ओल धरून ठेवतं.

पाण्याचे कॅन आणि बॅटरी मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे, तळाशी. वजन ॲक्सलच्या मागे गेलं की स्टिअरिंग हलकं पडतं, उतारावर ते लगेच जाणवतं. सामान भरल्यावर वजनकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्यायची. हा शंभर-दोनशे रुपयांचा उद्योग बहुतेक लोक टाळतात, का कोण जाणे.

आता पाणी. कोकणात पावसाळ्यात डबा गळला तर दोष बहुधा छताच्या कडांचा असतो. छताला पुढून मागे दीड इंच उतार, जोडाखाली ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी), वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. आंबूस वास येणारा स्वस्त सिलिकॉन धातूला गंज आणतो आणि एकदा लागला की त्या जागी पुढे दुसरं काही धड चिकटत नाही. पण गळतीपेक्षा चिवट त्रास आतल्या दवाचा. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं, ते थंड पाइपांवर जमतं आणि गादीखाली बुरशी धरते. पाइप आणि आतला प्लाय यांच्यामध्ये फोमची पट्टी लावायची, ही तुमची युक्ती. गादीखाली अखंड प्लाय न टाकता दोन-दोन बोटं अंतर ठेवून पट्ट्या ठोकायच्या. छतावर मागे हवा बाहेर फेकणारा १२ व्होल्टचा फॅन, पुढे खालच्या बाजूला जाळी. जाळी बंद ठेवून नुसता फॅन लावला तर काही उपयोग नाही.

विजेचं थोडक्यात. १०० अँपिअर-तास लिथियम बॅटरीवर छोटा कॉम्प्रेसर फ्रिज आणि दिवे दोन दिवस निघतात; मे महिन्यात कमी. अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणाऱ्या गाडीच्या जनित्रावरून) थेट चार्ज करू नका, लिथियम बॅटरी त्याला झेपणार नाही इतका करंट ओढते. मध्ये करंटला मर्यादा घालणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवा. केबिनपासून डब्यापर्यंत ६ मीटर अंतर असेल तर ४ चौरस मिमी वायरीत जाऊन-येऊन १ व्होल्टहून जास्त दाब गळतो, १० चौरस मिमीत अर्ध्या व्होल्टहून कमी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात.

गॅसबद्दल तुम्ही ऐकूनच घेत नाही, ते बरोबरच आहे. एसीपीच्या पोटात प्लॅस्टिक असतं, एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून तळाशी साचतो, आणि बंद डब्यात शेगडी पेटवून ऊब घेणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. स्वयंपाक बाहेर, फळका पाडून त्यावर.

एक विनंती. डबा उतरवायचे चार स्क्रू जॅक आळीपाळीने एकेक इंचच खाली घ्यायचे, एक कोपरा एकदम सोडायचा नाही, हे तुम्ही तोंडी सांगता. ते दाराच्या आतल्या बाजूला पत्र्यावर रंगवून देत चला. डबा पुढे दुसऱ्याला विकला जातो तेव्हा तोंडी सूचना मागेच राहते.

आपले,
तुमच्या डब्यांत मुक्काम करणारे पिकअपवाले