विनोदी कादंबरीलाही परीक्षणात जागा द्या

महोदय,

विनोदी कादंबरी म्हणजे प्रवासात चाळायचं पुस्तक, हा समज पुस्तक-परीक्षणांतही दिसतो, याचं वाईट वाटतं. अमेरिकन लेखिका गेल पॅरंट यांची कादंबरी ‘शीला लेव्हीन इज डेड अँड लिव्हिंग इन न्यूयॉर्क’ (१९७२) वाचून पाहावी. मॅनहॅटनमध्ये एकटी राहणारी ज्यू तरुणी तिशीला टेकते. लग्न काही जमत नाही आणि आईचा धोशा संपत नाही. अख्खी कादंबरी म्हणजे या शीलाने लिहिलेली आत्महत्येची चिठ्ठी. तरीही पानोपानी हसू फुटतं! दूरदर्शन मालिकांसाठी विनोदी लेखन केलेल्या पॅरंट यांना वाक्य नेमकं कुठे तोडायचं हे पक्कं ठाऊक आहे. पण त्या हसण्याखाली खरा संताप आहे. मुलीचं शिक्षण, नोकरी, मैत्रिणी यांतलं काहीच जमेला धरायचं नाही, फक्त नवरा मिळाला का तेवढं विचारायचं, याचा संताप. दाखवण्याच्या कार्यक्रमांतून गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणींना ही शीला जवळची वाटेल. स्त्रियांनी लिहिलेल्या अशा विनोदी कादंबऱ्यांना आपल्या रविवार पुरवणीत सविस्तर जागा मिळावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे