प्रमाणपत्राआधी कामाचे स्वरूप पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पदवी परीक्षांचे निकाल लागले की पुण्यात प्रकल्प व्यवस्थापनाच्या क्लासच्या जाहिराती झळकू लागतात आणि त्यांत अमेरिकेतील ‘पीएमआय’ या संस्थेच्या ‘पीएमपी’ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) या प्रमाणपत्राचे नाव सर्वांत ठळक असते. माझ्या भाचीने गेल्या वर्षी पदवी हाती येताच अशाच एका क्लासची पूर्ण फी भरली. या परीक्षेला बसण्यासाठी पदवीधरालाही प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, हे तिला परीक्षेचा अर्ज भरताना कळले आणि फी काही परत मिळाली नाही. पीएमआयचीच ‘सीएपीएम’ ही परीक्षा अनुभवाची अट न घालता नवोदितांसाठीच घेतली जाते. क्लासमध्ये या परीक्षेचे नावही कोणी काढले नव्हते.

चाकणच्या वाहन उद्योगात यंत्रसामग्री उभारणीचे प्रकल्प मी अनेक वर्षे सांभाळत आहे. यंत्राचा पाया एकदा ओतला की त्याची जागा बदलणे अतिशय महाग पडते, त्यामुळे आमच्याकडे कामांचा क्रम, खर्च आणि जोखीम आधीच कागदावर पक्की करावी लागते व तेथे पीएमपीचा अभ्यास खरोखर उपयोगी पडतो. हिंजवडीत सॉफ्टवेअर करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ग्राहकाची मागणी दर पंधरवड्याला बदलत असेल तर छोट्या टप्प्यांत काम करून दर टप्प्याला फेरआखणी करणारी स्क्रमसारखी पद्धत हवी. ब्रिटिश सरकारी कामांतून घडलेली ‘प्रिन्स टू’ ही पद्धत मुख्यतः ब्रिटन वा युरोपातील ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांनी विचारात घ्यावी. अर्थात या सीमारेषा आता पुसट होत आहेत: २०२१ मध्ये पीएमपीची परीक्षा बदलली, तेव्हा तिचा सुमारे निम्मा भाग अजाइल (स्क्रमसारख्या, बदल सामावून घेणाऱ्या) आणि मिश्र पद्धतींना देण्यात आला.

पुढच्या खर्चाविषयी तर कोणी बोलतच नाही. पीएमपी टिकवण्यासाठी दर तीन वर्षांनी पुढील शिक्षणाचे ६० अभ्यास-गुण दाखवून नूतनीकरण करावे लागते. स्क्रमचे ‘सीएसएम’ हे प्रमाणपत्र घेताना प्रशिक्षण सक्तीचे असते आणि त्याचे नूतनीकरण दर दोन वर्षांनी करावे लागते. उलट स्क्रमच्याच ‘पीएसएम’ या दुसऱ्या प्रमाणपत्राला क्लासची सक्ती नाही व ते कालबाह्यही होत नाही, मात्र उत्तीर्ण होण्यासाठी ८५ टक्के गुण लागतात. घरी बसून नेटाने अभ्यास करणाऱ्या मुलांना मी हेच सुचवतो.

क्लासचालकांनी पात्रतेच्या अटी आणि नूतनीकरणाचा खर्च जाहिरातीतच ठळकपणे छापावा आणि महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांनी ही माहिती शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फी भरण्याची वेळ येण्यापूर्वी द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे