नामिबियाच्या नकाशातला उलटा बाण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला नामिबियाच्या सेल्फ-ड्राइव्ह सफारीवरचा लेख ई-पेपरवर वाचला. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तर तो सकाळपासून फिरतच होता. लेख मस्त आहे, फोटो झकास, पण वायव्य कोपऱ्याचा जो भाग आहे, काओकोलँडचा, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना, कारण तो प्लॅन जसाच्या तसा उचलून कोणी खरंच गाडी बुक केली तर बिचारा अशा जागी अडकेल की मदतीला दोन दिवस कोणी फिरकणार नाही.

मी काही प्रवासलेखक नाही, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझं टायरचं दुकान आहे. मागे एकदा आम्ही घरची मंडळी तिकडच्या एटोशा राष्ट्रीय उद्यानापर्यंत स्वतः गाडी चालवून जाऊन आलोय आणि आता पुढच्या जुलैत काओकोलँड करायचं म्हणून साडूंच्या घरी बैठकांवर बैठका चालू आहेत. तसं ग्वाल्हेरला नामिबियाचं कौतुक सांगायला नको, 17 सप्टेंबर 2022 ला तिकडचे 8 चित्ते विमानाने आधी इथेच उतरले आणि मग हेलिकॉप्टरने कुनो राष्ट्रीय उद्यानात गेले, तेव्हापासून इथल्या पानवाल्यालाही नामिबियाची राजधानी विंडहुक माहीत आहे.

तर मुद्दा असा की लेखात विंडहुक, एपुपा धबधबा, व्हॅन झिल पास म्हणजे तो खडकाळ घाट, त्याखालचं मारिएनफ्लसचं खोरं आणि तिथून थेट समुद्रकिनारा, असं सगळं पाच दिवसांत बसवलंय. किलोमीटर मोजले तर बसतंय असं वाटतं खरं. विंडहुक ते ओपुवो, म्हणजे काओकोलँडचं मुख्य गाव, सातशेच्या वर किलोमीटर आहे पण सगळा डांबरी रस्ता, पहाटे निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचता येतं. मात्र डांबर संपतं ते ओपुवोलाच. पुढे एपुपा पावणेदोनशेच्या आसपास, तोही गिट्टीचा रस्ता, नाल्यांचे चढउतार, त्याला तीन-चार तास जातात. आणि व्हॅन झिल पासवर तर किलोमीटरचा हिशोबच सोडून द्यायचा, तिथे एकाने खाली उतरून कोणता दगड कोणत्या चाकाखाली घ्यायचा ते हाताने दाखवायचं आणि दुसऱ्याने लो-गिअरमध्ये इंच इंच गाडी सोडायची, थोडक्या अंतराला अर्धा दिवस गेला तरी नवल नाही. ट्रॅक्स फॉर आफ्रिकाच्या कागदी नकाशावर गावागावांमध्ये किलोमीटरच्या जोडीला लागणारा वेळ पण छापलेला असतो, प्लॅन करताना तोच आकडा धरायचा, गूगलवर विसंबायचं नाही.

आणि आता तो बाण. तुमच्या नकाशात बाण मारिएनफ्लसकडून पासवर चढताना दाखवलाय. अहो तो पास फक्त पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरायचा असतो! ओपुवोच्या बाजूने यायचं आणि खाली मारिएनफ्लसच्या खोऱ्यात उतरायचं, उलटं जायचं नाही, कारण समोरून उतरणारी गाडी भेटली तर त्या कड्यावर ना तिला मागे जाता येतं ना तुम्हाला. ट्रेलर घेऊन तर जायचंच नाही. आणि काही भाड्याच्या गाड्यांच्या करारात हा पास नाव घेऊन वगळलेला असतो, म्हणजे तिथे काही झालं तर विमा शून्य. करार बारीक अक्षरांसकट वाचा, त्यात रात्री गाडी चालवायची नाही, गिट्टीवर 80 च्या वर जायचं नाही, असं बरंच काही असतं, आणि ते उगाच नसतं, अंधारात कुडू, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, मध्ये आला की गाडीचं आणि माणसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

टायरबद्दल लेखात एक ओळ आहे, "चांगले टायर असावेत". आता यावर मी गप्प कसा बसू. तिकडे टायर जातो तो खिळ्याने नाही, धारदार दगडाने जातो आणि बहुतेक वेळा बाजूने, म्हणजे साइडवॉल फाटते. खिळ्याचं भोक असेल तर ट्यूबलेसला प्लग मारून दहा मिनिटांत मोकळं होता येतं, पण साइडवॉल चिरली की प्लग, पॅच काही चालत नाही, टायर बादच. म्हणून स्टेपनी एक नाही, दोन पाहिजेत, आणि दोन्ही पूर्ण साइजच्या. गाडी ताब्यात घेताना स्टेपनी खाली काढून बघायची, हवा चेक करायची, जॅक स्वतः लावून बघायचा, आणि व्हीलनटचा पाना त्याच नटांना बसतो ना ते पण, कारण दुसऱ्याच गाडीचा पाना टूलकिटमध्ये पडलेला मी माझ्या दुकानात कितीदा पाहिलाय.

हवेचं म्हणाल तर लोकांना वाटतं टायर टम्म असला की सुरक्षित, तिथे उलटं आहे. डांबरावर भरल्या गाडीला 35-36 पीएसआय हवा ठीक, गिट्टी लागली की 26 च्या आसपास आणायची म्हणजे टायर दगडावर दबतो, फाटत नाही आणि गाडी पण नाचत नाही. मारिएनफ्लसची किंवा कोरड्या नदीतली वाळू लागली की आणखी खाली, 16-18. वॉल्व्हची पिन दाबून हवा सोडायची, मध्ये मध्ये गेज लावायचं, टायर खाली पसरलेला डोळ्यांना दिसला पाहिजे. एवढ्या कमी हवेत जोरात वळण घ्यायचं नाही, टायर रिममधून सुटतो. आणि वाळू संपली की परत भरायची, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर चालणारा कंप्रेसर सोबत हवाच, तिथे हवा भरायला कोण बसलंय. कमी हवेत डांबरावर पळवलं की टायर आतून तापून फुटतो, हे तर आपल्या झाशी रोडवर पण होतं.

डिझेलचा हिशोब लेखात नाहीच. ओपुवोत टाकी गच्च भरायची आणि पास, मारिएनफ्लस, ओरुपेम्बे, पुरोस करत सेस्फोंटेनला निघेपर्यंत पुढचा पंप नाही असं धरून चालायचं, आणि सेस्फोंटेनलाही साठा असेलच याची खात्री धरायची नाही. हे अंतर चार-पाचशे किलोमीटर होतं आणि लो-गिअर, वाळू असलं सगळं धरून टोयोटा हायलक्ससारखी गाडी शंभर किलोमीटरला 18-20 लिटर सहज पिते, म्हणजे 80 लिटरच्या साध्या टाकीत भागत नाही. डबल टाकीची गाडी मागायची नाहीतर जेरीकॅन घ्यायचे. पाणी माणशी रोज निदान पाच लिटर, वर जास्तीचं वेगळं. मोबाइलला रेंज नसते, सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो तो घ्यायचा, यात काटकसर नको. आणि गाड्या दोन पाहिजेत. एकटी गाडी वाळूत बसली तर ओढणार कोण? संबंध कुनेने प्रांतात, महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा आहे तो, लाख-सव्वा लाख माणसं राहतात फक्त, आणि एकट्या ग्वाल्हेर जिल्ह्यात 2011 लाच वीस लाख होती.

मारिएनफ्लसहून थेट समुद्राला जाता येतं हे पण चूक आहे. स्केलेटन कोस्टच्या उत्तर भागात आपली गाडी घेऊन जाऊ देत नाहीत, तिथे परवानाधारक कंपन्यांबरोबरच जायचं. आपल्याला उघडा आहे तो दक्षिणेचा भाग, उगाब आणि स्प्रिंगबोकवासर या गेटांमधून, आणि वर टेरेस बेपर्यंत.

बाकी जुलै-ऑगस्ट हा महिना लेखात बरोबर सांगितलाय, कोरडं असतं, रात्री मात्र गाडीच्या टपावरच्या तंबूत कडाक्याची थंडी. जानेवारी ते एप्रिल होआरुसिबसारख्या कोरड्या नद्यांना अचानक लोंढा येतो, आणि एरवीसुद्धा नदीच्या पात्रात तंबू ठोकायचा नाही कारण वाळवंटातले हत्ती त्याच वाटेने ये-जा करतात. कुनेने नदीत पोहायचं नाव काढायचं नाही, मगरी आहेत. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

हिंबा, म्हणजे काओकोलँडमधल्या गुराख्या जमातीच्या लोकांबद्दल एकच. लेखात त्यांच्या वस्तीतले फोटो आहेत पण विचारून काढा असं कुठे लिहिलेलं नाही. वाटाड्या घेऊन जायचं, आधी नमस्कार-चमत्कार, मग विचारून फोटो. मुख्य झोपडी आणि पवित्र अग्नी यांच्या मधून चालायचं नाही, आपल्या देवघरात कोणी बुटासकट शिरलं तर आपल्याला काय वाटेल. मुलांना चॉकलेटं वाटण्यापेक्षा मक्याचं पीठ, तेल, साखर द्यावी. आणि कॅम्पचे पैसे शक्यतो गावच्या कन्झर्व्हन्सीच्या, म्हणजे गावकऱ्यांनीच चालवलेल्या वन्यजीव क्षेत्राच्या, कॅम्पला द्या, 1996 च्या कायद्याने तिथल्या वन्यजीवांवर गावकऱ्यांना हक्क मिळालेत, हत्ती जगवायचे तर त्यांना त्यातून चार पैसे दिसले पाहिजेत ना. कुनोच्या भोवतीच्या गावांचं काय चाललंय यावर पण तुम्ही कधीतरी लिहा.

गाडी तिकडे आपल्यासारखीच डावीकडून चालते, तेवढं एक सुख. आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट मिळतं, हजार रुपये फी, वर्षभर चालतं. पासपोर्ट-व्हिसा हातात आल्यावर अर्ज करा म्हणजे फेऱ्या वाचतात.

आमचं म्हणाल तर दुसरी गाडी अजून ठरलेली नाही, वडोदऱ्याचं एक कुटुंब हो-नाही करतंय. ते आले नाहीत तर काओकोलँड रद्द, पामवाग आणि एटोशा करून परत, असं शेवटच्या बैठकीत ठरलंय. साडूंना ते अजून मान्य नाही.

कळावे,
तुमचा एक टायरवाला वाचक
लष्कर, ग्वाल्हेर